महायुद्धापूर्वीची मोटार घेताना आणि तिच्या दुर्मीळ वस्तू शोधताना

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बनलेली मोटार घ्यायचं मनात आलं, की माणूस आधी गाडी शोधायला निघतो, मग तिच्याबद्दल वाचतो आणि चालवायला शिकतो सगळ्यात शेवटी. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. या गाड्यांमध्ये जे मूळचं शिल्लक आहे ते एकदा गेलं की परत आणता येत नाही. कारखान्यातल्या रंगाचा थर, सीटचं जुनं कातडं, चासीवर ठोकलेला क्रमांक, अगदी स्क्रूचं डोकंसुद्धा गाडीची माहिती सांगत असतं. नवा मालक उत्साहाच्या भरात यातलं बरंच काही पहिल्या काही महिन्यांतच घालवून बसतो. म्हणून पुढची जवळजवळ प्रत्येक पायरी 'आधी नीट बघा, मग हात लावा' याच क्रमाने सांगितली आहे. जुन्या जाहिरातीच्या पाट्या, रेडिएटरच्या टोपणावरच्या मूर्ती, कॅटलॉग गोळा करणाऱ्यांनाही तीच शिस्त लागते. त्यांच्याकडे लेखाच्या उत्तरार्धात येतो.

पहिली पायरी: काळ ठरवा

'जुनी गाडी' हे फार ढोबळ झालं. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' युद्धापूर्वीच्या गाड्यांचे काळानुसार वर्ग करते: १९०४ अखेरपर्यंतच्या 'अँसेस्टर', १९०५ ते १९१८ 'व्हेटरन', १९१९ ते १९३० 'व्हिंटेज' आणि १९३१ ते १९४५ 'पोस्ट व्हिंटेज'. हे वर्ग नुसते कागदावरचे नाहीत. लंडन ते ब्रायटन या प्रसिद्ध दौडीत १ जानेवारी १९०५च्या आधी बनलेल्या गाड्यांनाच भाग घेता येतो. त्यामुळे १९०४ची गाडी आणि तिची १९०५ची जुळी बहीण यांच्या मागणीत आणि किमतीत मोठा फरक पडतो, आणि गाडीचं वर्ष सिद्ध करणारे कागद अतिशय मोलाचे ठरतात.

चालवणाऱ्याच्या दृष्टीने पाहिलं तर तीन बदल लक्षात ठेवा. १९१२ साली कॅडिलॅकने विजेवरचा स्टार्टर आणला. त्याआधीच्या गाडीला हँडल मारावंच लागतं. १९२१ साली ड्यूसेनबर्गने चारही चाकांना हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे, ब्रेक दिले, पण सगळ्यांनी ते लगेच उचलले नाहीत. फोर्ड तर १९३९चं मॉडेल येईपर्यंत दांड्या आणि केबलच्या ब्रेकवरच होती. तिसरा बदल १९२८चा: कॅडिलॅकने सिंक्रोमेश गिअरबॉक्स आणला आणि गिअर न कुरकुरता पडायला लागले. तुमची पसंतीची गाडी या तीन बदलांच्या अलीकडची की पलीकडची, हे पाहिलं की तिच्याबरोबरचे दिवस कसे जातील याचा अंदाज येतो.

पहिली गाडी म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जी भरपूर बनली तीच घ्या. फोर्डचं टी मॉडेल १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून जास्त बनलं. त्यानंतरचं ए मॉडेल १९३१पर्यंत सुमारे ४८ लाख. ऑस्टिन सेव्हन १९२२ ते १९३९ या काळात सुमारे २ लाख ९० हजार बनल्या. या तिघींचे जवळजवळ सगळे सुटे भाग आजही नव्याने बनतात, छापील माहिती मुबलक मिळते, आणि अडलात तर आधी तिथेच अडून मार्ग काढलेला माणूस सापडतो. दुर्मीळ कंपनीची एकुलती एक गाडी पहिल्याच खेपेला घेतली, तर साधं वॉटर पंपाचं बुश बसवायलाही खराद्याकडे नमुना घेऊन जावं लागतं. ती हौस दुसऱ्या गाडीसाठी ठेवा.

दुसरी पायरी: घेण्याआधी चालवा, निदान आत बसून पाहा

हे सांगायची गरज वाटू नये, पण वाटते. ऑस्टिन सेव्हन ही ७४७ सीसीची चिमुकली गाडी आहे. उंच माणसाचे गुडघे स्टेअरिंगला लागतात आणि मोठा बूट एकाच वेळी दोन पेडलांवर पडतो. त्या काळच्या अनेक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर मधे आणि ब्रेक उजवीकडे असतो. घाबरल्यावर पाय सवयीने मधेच जातो आणि गाडी थांबायच्या ऐवजी उसळते. टी मॉडेलची तर तऱ्हाच वेगळी. तिथे अ‍ॅक्सिलरेटरला पेडलच नाही, तो स्टेअरिंगखालच्या उजव्या दांडीवर. डावं पेडल पूर्ण दाबलं की पहिला गिअर, पूर्ण सोडलं की वरचा गिअर, मधे न्यूट्रल. मधलं पेडल रिव्हर्सचं आणि उजवं ब्रेकचं.

एखाद्या क्लबच्या भेटीला जा आणि मालकाला शेजारी बसवून मोकळ्या मैदानात गाडी फिरवून पाहा. या छंदातली माणसं सहसा नाही म्हणत नाहीत. इंग्लंडमधला व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३४ सालचा, अमेरिकेतला अँटिक ऑटोमोबाइल क्लब १९३५ सालचा. दोन्हीकडे कितीतरी पिढ्यांची माहिती साठलेली आहे, आणि गाडी नसली तरी सभासद होता येतं. चांगल्या गाड्या पुष्कळदा जाहिरातीत न येता तोंडी निरोपावरच विकल्या जातात, हे क्लबात शिरायचं आणखी एक कारण.

तिसरी पायरी: तपासणी

इथे घाई करू नका. टॉर्च, भिंग, लोहचुंबक, पातळ टोच्या आणि जुने कपडे बरोबर घ्या. गाडीखाली शिरावं लागणारच.

सुरुवात क्रमांकांपासून करा. चासीचा, इंजिनाचा आणि बॉडीचा क्रमांक कागदांशी ताडून पाहा. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी असते. टी मॉडेलच्या उत्पादनाच्या बहुतेक काळात क्रमांक फक्त इंजिनावर ठोकला जाई. मधल्या काळात इंजिन बदललं असेल, तर कागदावरचं वर्ष इंजिनाचं असतं, बाकी गाडीचं नसतं. ए मॉडेलमध्ये तोच क्रमांक चासीच्या पट्टीवरही असतो, पण बॉडीखाली झाकलेला. क्रमांकाभोवतीचा धातू घासलेला किंवा आकडे वेडेवाकडे दिसले तर थांबा आणि जाणकाराला दाखवा.

मग लाकूड. त्या काळच्या बहुसंख्य बॉड्यांचा सांगाडा लाकडाचा असतो, बहुतेकदा अ‍ॅशच्या, आणि त्यावर पत्रा ठोकलेला. बाहेरून पत्रा चकचकीत आणि आत लाकडाचा भुगा, हे या छंदातलं सर्वांत महागात पडणारं दुखणं आहे. दार अर्धवट उघडून टोकाकडून हलकेच वर उचला. बिजागरी ढिली असेल तर फक्त दार हलेल. खांब कुजला असेल तर दाराबरोबर खांबही हलताना दिसेल. दारांच्या खालची आडवी तुळई, मागच्या चाकांवरची कमान आणि पुढच्या काचेचे पाय या तीन ठिकाणी टोच्याने आतून हळूच दाबून पाहा. चांगलं लाकूड टोच्याला दाद देत नाही. चाकांचे आरेही लाकडाचे असतील तर एकेक पकडून हलवा. एकही आरा आवाज करत असेल तर ती गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

इंजिनाबद्दल एकच गोष्ट सविस्तर सांगतो, कारण आजचे मेकॅनिक तिथे चुकतात. त्या काळच्या पुष्कळ इंजिनांत बेअरिंगचे सुटे शेल नसतात. कथील, अँटिमनी आणि तांब्याचा 'व्हाइट मेटल' वितळवून थेट कनेक्टिंग रॉडमध्ये आणि ब्लॉकमध्ये ओततात आणि मग मापात कापतात. ते झिजलं की इंजिनावर जोर येताच खालून खोल, बोजड 'ठक ठक' ऐकू येते. ते पुन्हा ओतता येतं, पण ते काम येणारे कारागीर थोडे आहेत. गाडी घेण्याआधी तुमच्या आवाक्यात असा कोणी आहे का, याची चौकशी करून ठेवा.

आता बारीक खुणा. गाड्यांच्या चकाकणाऱ्या भागांवर क्रोमचा मुलामा साधारण १९२८-२९पासून सर्रास आला. त्याआधी निकेल होतं, किंचित पिवळसर आणि मऊ चमकेचं. अधिक चिन्हाच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू मोटारधंद्यात १९३६च्या सुमारास शिरले. १९२४ची म्हणून दाखवलेल्या गाडीवर क्रोमचे दिवे आणि फिलिप्स स्क्रू दिसले तर गाडी खोटी ठरत नाही, पण कोणीतरी, कधीतरी, काहीतरी बदललं आहे एवढं निश्चित कळतं. विकणाऱ्याला ते माहीत आहे का आणि तो सांगतो का, हे पाहा. त्यावरून बाकीच्या बोलण्यावर किती विश्वास टाकायचा ते ठरतं.

महागड्या गाड्यांबाबत आणखी एक. रोल्स-रॉइससारख्या कंपन्या तेव्हा चासी आणि इंजिन विकत, आणि बॉडी ग्राहकाच्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बनवून घेतली जाई. पुढे अनेक बंद बॉड्या काढून तिथे देखण्या उघड्या बॉड्या बसवल्या गेल्या. ते काम उघडपणे सांगितलं असेल तर गैर काही नाही. पण मूळ बॉडीची किंमत नंतरच्या बॉडीला द्यायची नाही.

दोन गाड्यांमध्ये मन अडकलं तर थकलेली पण पूर्ण गाडी निवडा, चकचकीत पण अर्धवट नको. रंग कधीही मारता येतो. नेमक्या त्याच वर्षाचा एक स्पीडोमीटर किंवा दिव्याची रिंग शोधण्यात अनेक वर्षं जातात.

चौथी पायरी: घरी आणलेली गाडी लगेच चालू करू नका

बरीच वर्षं उभी असलेली गाडी असेल तर पहिलं काम फोटो काढण्याचं. प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, केबल कशावरून वळते, वॉशर कुठल्या बाजूला आहे, सगळ्याचे. धूळही आधी झाडू नका. सीटच्या फटीत आणि फूटबोर्डाखाली जुन्या पावत्या, चाव्या, निखळलेले स्क्रू सापडतात.

त्यानंतर प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा आणि काही दिवस तसंच राहू द्या. मग हँडलने, हाताला जाणवेल इतक्या सावकाश, इंजिन फिरवून पाहा. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा तेल सोडा. गाडी गिअरमध्ये टाकून ओढण्याचा सल्ला देणारा कोणीतरी भेटेलच. ऐकू नका. अडकलेला व्हॉल्व्ह किंवा रिंग अशाच झटक्याने मोडते.

ऑईल पॅन उतरवून आतला गाळ साफ करा. त्या काळच्या पुष्कळ इंजिनांना ऑईल फिल्टर नव्हता, मळ तळाशीच बसायचा. तो गाळ तसाच ठेवून आजचं मळ सोडवणारं तेल घातलं तर सुटलेला गाळ बेअरिंगपर्यंत पोचतो. आधी सफाई, मग तेल. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलसाठी जीएल-५ प्रतीचं तेल टाळा. त्यातली काही रसायनं पितळ आणि ब्राँझच्या भागांना खातात, आणि जुन्या गिअरबॉक्समधली बुशं त्याच धातूंची असतात.

पेट्रोलच्या बाजूला खरा शत्रू इथेनॉल. कार्ब्युरेटरमधला आणि टाकीच्या काट्याचा तरंगता गोळा तेव्हा बुचाचा असे, वर लाखेचं पॉलिश. इथेनॉलमध्ये लाख विरघळते, बूच पेट्रोल पितं, गोळा बुडतो आणि कार्ब्युरेटर वाहायला लागतो. त्या गोळ्यावर इथेनॉलला टिकणारा थर द्या किंवा पितळी गोळा बसवा, आणि रबरी नळ्या नव्या घाला. ऑक्टेनची चिंता मात्र नको. ए मॉडेलचं कॉम्प्रेशन सव्वाचारास एक इतकं कमी आहे की साधं पेट्रोल पुरतं.

विजेचं काम बहुधा सहा व्होल्टचं असतं. स्टार्टर मंद फिरतो म्हणून लोक गाडी बारा व्होल्टची करायला धावतात. बहुतेक वेळा दोष असतो तो आधीच्या मालकाने बसवलेल्या बारीक केबलचा. सहा व्होल्टला तेवढ्याच ताकदीसाठी दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल जाड हवी आणि अर्थिंगची, म्हणजे बॅटरीची केबल चासीला जोडायची, जागा घासून स्वच्छ केलेली हवी. बॅटरी जोडण्याआधी अर्थिंग कुठल्या टोकाला आहे ते पाहा. ए मॉडेलसह अनेक गाड्यांत पॉझिटिव्ह टोक चासीला जोडलेलं असतं. सुती आवरणाच्या जुन्या वायरी सुटत आल्या असतील, तर तशाच दिसणाऱ्या नव्या मिळतात. आणि बॅटरीजवळ एक स्विच बसवा, ज्याने सगळी वीज एका हाताने तोडता येईल. आपल्या मनाने केलेला हा एक बदल मी प्रत्येकाला करायला सांगेन.

टायरची नक्षी खोल दिसली म्हणून फसू नका. या गाड्या कमी फिरतात, त्यामुळे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात. सन २०००नंतरच्या अनेक टायरांवर आठवडा आणि वर्ष सांगणारा चार आकडी शिक्का असतो, तो वाचा. टी मॉडेलवर असतात तसे कडेला जाड गोल काठ असलेले टायर केवळ हवेच्या दाबावर रिमला धरून राहतात. त्यांना ५५ ते ६० पीएसआय हवा लागते. आजच्या गाडीच्या अंदाजाने ३० भरली तर वळणावर टायर रिम सोडून निघतो.

पाचवी पायरी: हँडल मारायला शिका

टी मॉडेलचंच उदाहरण घेऊ. हँडब्रेकची दांडी पूर्ण मागे ओढा. त्याने चाकं धरली जातात आणि गाडी न्यूट्रलमध्येही येते. तरी पुढच्या चाकाला लाकडी ठोकळा लावाच. थंडीत क्लचच्या चकत्या घट्ट तेलाने एकमेकींना चिकटतात आणि इंजिन सुरू होताच गाडी हँडल मारणाऱ्याच्या अंगावर हळूहळू चाल करून येते.

आता स्टेअरिंगखालच्या दोन दांड्या. डावी स्पार्कची, ती पूर्ण वर, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल. हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. ठिणगी लवकर पडली तर पिस्टन वर येण्याआधीच स्फोट होतो, हँडल उलट फिरतं आणि मनगट मोडतं. उजवी दांडी, अ‍ॅक्सिलरेटरची, थोडीशीच खाली. इग्निशन बंद ठेवून समोर या, रेडिएटरजवळ बाहेर आलेली चोकची तार ओढून धरा आणि हँडल दोन-तीनदा सावकाश वर ओढा. पेट्रोल आत ओढलं जाईल. मग तार सोडा, इग्निशन चालू करा, परत समोर या.

डाव्या हाताने हँडल धरा. अंगठा बोटांच्याच बाजूला, हँडलभोवती गुंडाळायचा नाही. हँडल खाली आणून दाब जाणवला की एकदाच झटक्याने वर ओढा, पाव फेरा. वरून खाली कधीही दाबायचं नाही, कारण उलटा फटका बसला तर शरीराचा सगळा भार त्यात सापडतो. वर ओढताना उलटलं तर हँडल नुसतं बोटांतून निसटतं. इंजिन पेटलं की लगेच आत येऊन स्पार्कची दांडी हळूहळू खाली आणा. धडधड कमी होऊन आवाज एकसारखा होतो, आणि कुठल्या जागी इंजिन खूश आहे ते दोन-चार दिवसांत कानाला कळायला लागतं. युद्धापूर्वीच्या गाडीशी ओळख खऱ्या अर्थाने इथे होते, असं मला मनापासून वाटतं.

रस्त्यावर काही गोष्टी सांभाळा. सिंक्रोमेश नसलेल्या गाडीत गिअर उतरवताना क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, अ‍ॅक्सिलरेटरला थोडा स्पर्श करा, पुन्हा क्लच दाबा आणि मग खालचा गिअर टाका. उतार लागायच्या आधी गिअर उतरवा, मधे नाही. टी मॉडेलचा पायाचा ब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या आत असतो, म्हणून पुढच्या वाहनापासून दुप्पट-तिप्पट अंतर ठेवा. तिच्यात पेट्रोल पंपही नाही. टाकीतलं पेट्रोल केवळ उतारावरून इंजिनाकडे येतं, त्यामुळे टाकी कमी भरलेली असताना तीव्र चढावर इंजिन बंद पडतं. जुने चालक असा चढ रिव्हर्समध्ये चढत. आजही तसंच करतात.

सहावी पायरी: किती दुरुस्त करायचं?

जे सुरक्षेसाठी लागतं ते बिनदिक्कत नवं करा: ब्रेक, टायर, इंधनाच्या नळ्या, वायरी. काढलेला जुना भाग टाकू नका, चिठ्ठी बांधून ठेवा. बाकीच्या सगळ्याबाबत हात आखडता ठेवावा या मताचा मी आहे. रंग फिका झालाय, कातड्याला भेगा आहेत, निकेल उडालंय, तर असू द्या. स्वच्छ करा, कातड्याला तेल द्या, गंज पुढे सरकणार नाही एवढं बघा. माजोरे सरोवराच्या तळाशी कित्येक दशकं पडलेली एक बुगाटी ब्रेशिया २००९ साली वर काढली गेली. पुढच्या वर्षी लिलावात ती ज्या संग्राहकाने घेतली, त्याने तिला नवं रूप न देता त्याच अवस्थेत संग्रहालयात ठेवलं. रोजच्या गाडीसाठी हा मार्ग नाही, पण जुन्या पृष्ठभागाला स्वतःची किंमत आहे हे त्यातून नवख्याला पटायला हरकत नसावी.

काम करताना दोन धोके ध्यानात असू द्या. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ब्रेक ड्रममधली धूळ हवेच्या नळीने कधीही उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. दुसरा धोका रात्री चमकणाऱ्या काट्यांचा. काही घड्याळं आणि मीटर रेडियमच्या रंगाने रंगवलेले असत. आज ते चमकत नसले तरी रेडियम संपलेलं नाही, फक्त त्याबरोबरचं चमकणारं रसायन थकलेलं असतं. अशा मीटरची काच स्वतः उघडून घासू नका.

गंज काढायला पाणी, धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर ही युक्ती छान चालते, मात्र दुसरं टोक साध्या लोखंडाचं घ्या. स्टेनलेस स्टील वापरलं तर पाण्यात क्रोमियमचे विषारी क्षार तयार होतात.

सातवी पायरी: संग्रहाची पहिली वस्तू

गाडीच्या जोडीने, किंवा गाडीऐवजी, लोक मोटारींशी संबंधित वस्तू गोळा करतात. सुरुवातीला मन सगळीकडे धावतं. आपल्याच गाडीपासून सुरुवात केलेली बरी: तिचं मूळ हँडबुक, भागांची यादी, कंपनीचे पाने, जॅक, तेलाची कुपी, दिवे. या वस्तू वापरात येतात, आणि त्या शोधता शोधता डोळा तयार होतो. मग एखादा विषय निवडा, आणि तोच धरून ठेवा.

मुलाम्याच्या पाट्यांचं पाहू, कारण नकलांचा सुळसुळाट तिथेच सर्वांत जास्त आहे. पेट्रोल, तेल, टायर, प्लग यांच्या जाहिरातींच्या या पाट्या म्हणजे लोखंडी पत्र्यावर भाजलेली काच. जुन्या पद्धतीत एकेक रंग वेगळा लावून वेगळा भाजत. म्हणून दोन रंग जिथे भेटतात तिथून नख फिरवा. जुन्या पाटीवर बहुधा बारीकशी पायरी लागते. अगदी सपाट लागली तर सावध व्हा. मग स्क्रूची भोकं पाहा. स्क्रू आवळताना काच तिथेच टिचते, म्हणून खरा गंज भोकांपासून आणि कडांपासून आत पसरतो, काळपट असतो आणि काचेच्या कडेखाली शिरलेला दिसतो. नकली गंज काचेच्या वर बसलेला, एकसारखा तपकिरी असतो आणि ओल्या कापसाला उतरतो. सगळी भोकं सारखीच टिचलेली असतील आणि पाटीच्या मधे मात्र ओरखडाही नसेल, तर ती पाटी भिंतीवर कधी लागलीच नसावी. शिवाय काही पाट्यांची मुळात खरी आवृत्तीच नव्हती. त्या नुसत्या कल्पनेने बनवलेल्या. म्हणून जुने कॅटलॉग आणि जुने फोटो पाहत राहणं हाच त्यावरचा उपाय.

कागदाच्या वस्तूंना दोन चाचण्या पुरतात. दहापट भिंगाखाली जुनं दगडी छपाईचं पोस्टर दाणेदार दिसतं. ठिपक्यांची नियमित नक्षी दिसली तर तो नंतरचा पुनर्मुद्रित नमुना. दुसरी चाचणी अतिनील दिव्याची. कागदाला पांढरेपणा देणारी रसायनं साधारण १९५०पासून वापरात आली. १९२८चं माहितीपत्रक अंधारात त्या दिव्याखाली निळसर पांढरं झळकलं, तर ते १९२८चं नाही.

रेडिएटरच्या टोपणावरच्या काचेच्या मूर्तींमध्ये फ्रेंच काचकार रने लालिक यांचं नाव पहिलं. १९२५ साली त्यांनी सित्रोएनसाठी पाच घोड्यांची मूर्ती केली आणि पुढच्या काही वर्षांत ससाणा, कोंबडा, कोल्हा, वाऱ्यावर केस उडणारी 'व्हिक्टोआर' अशा तिसेक मूर्ती झाल्या. त्यांच्या हयातीतल्या कामावर नावाच्या आधी 'आर' हे अक्षर असतं. १९४५ साली ते गेले, आणि नंतरच्या कामावर ते अक्षर नसतं. पण सही नंतर कोरताही येते, म्हणून तिच्यावरच विसंबू नका. उंची मोजा आणि कॅटलॉगमधल्या मापाशी जुळवा. टवका उडालेली चोच किंवा कान घासून गुळगुळीत केलेला असतो आणि मूर्ती दोन-तीन मिलिमीटर बुटकी भरते. अशी मूर्ती गाडीवर लावून हिंडू नका. रेडिएटरची उष्णता आणि समोरून येणारा खडा, दोन्ही काचेचे वैरी आहेत.

पेट्रोलचे दोन गॅलनी डबे नवख्यांसाठी फार चांगले. शेल, प्रॅट्स अशी नावं पत्र्यात उठवलेली असतात, तळाशी बऱ्याचदा बनवणाऱ्याचं नाव आणि महिना-वर्षाचे आकडे असतात, आणि डब्यावरचं नाव पितळी टोपणावरच्या नावाशी जुळतं का हे लगेच पाहता येतं. चुकीचं टोपण असलेला डबा स्वस्तात घ्या आणि योग्य टोपणाच्या शोधात राहा.

युद्धापूर्वीच्या ओतीव धातूच्या खेळण्यातल्या गाड्या घेताना, आणि कार्ब्युरेटर किंवा दाराच्या मुठी घेतानाही, जस्ताच्या कीडीकडे लक्ष द्या. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं की धातू वर्षानुवर्षं आतून फुगत जातो, जाळीसारख्या भेगा पडतात आणि वस्तू बोटांत चुरते. त्यावर इलाज नाही. कोरड्या, एकसारख्या तापमानाच्या जागेत ठेवून वेग कमी करता येतो इतकंच. रंगाखाली केसासारख्या भेगा किंवा वाकलेलं छत दिसलं तर वस्तू ठेवून द्या, कितीही दुर्मीळ असली तरी.

कुठे आणि कसं शोधायचं

इंग्लंडमधल्या ब्यूली गावचा सुट्या भागांचा बाजार १९६७पासून भरतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीचा ऑक्टोबरमधला मेळावा १९५५पासूनचा आहे. पॅरिसचं रेत्रोमोबील प्रदर्शन १९७६पासूनचं. एकदा तरी जावं अशी ही ठिकाणं आहेत. तिथे उजाडायच्या आत पोचा, टॉर्च घेऊन. चांगले सौदे मालक पेट्या उघडत असतानाच होतात. हव्या असलेल्या भागाची मापं, फोटो, आट्यांचं माप आणि भागाचा क्रमांक खिशात ठेवा, कारण आठवणीतल्या आकाराचा भाग हमखास चुकीचा निघतो. टेबलावर मांडलेल्या वस्तू सगळेच बघतात. टेबलाखालचे गंजलेल्या तुकड्यांचे खोके तुम्ही बघा. दिव्याच्या पाठीमागचं कंपनीचं नाव अंगठ्याने पुसून वाचता आलं, तर निम्मा शोध तिथेच लागतो.

लिलावात बोली लावण्याआधी वस्तू हातात घेऊन पाहा. आकडा घरूनच ठरवून जा, आणि त्यात लिलाव करणाऱ्याचं कमिशन धरा. जुन्या गॅरेजचं किंवा एखाद्या दिवंगत मेकॅनिकचं सामान एकगठ्ठा निघत असेल तर वेचक वस्तू न मागता पूर्ण खोकी मागा. विकणाऱ्याचं काम हलकं होतं, आणि त्या माणसाच्या वह्या, पावत्या, टाचणं तुमच्याकडे येतात. कुठल्या गाडीला कुठला भाग चालला हे त्यांतच लिहिलेलं असतं.

घेतलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद त्याच संध्याकाळी करा: कोणाकडून, कुठून, कितीला, सोबत काय सांगितलं गेलं. विकणाऱ्याने सांगितलेली हकीकत त्याच्याच शब्दांत लिहा आणि ती ऐकीव आहे असा शेरा मारा. पावती वस्तूबरोबरच ठेवा. वस्तूवर चिकटपट्टी लावू नका, सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा. पट्टीचा डिंक निकेलवर आणि जुन्या रंगावर डाग सोडतो, आणि तो काढायला गेलात तर रंगही निघतो.